पकड ऑप्शनला

रेणुकादास सरांच्या क्लासमधून बाहेर पडलेला मुलगा पुढं डॉक्टर होवो, इंजिनिअर होवो की तहसीलमध्ये कारकून, सरांच्या दोन गोष्टी तो विसरत नसे. पहिली चुकांची वही. गणित चुकलं की बरोबर उत्तर लिहायचं नाही, का चुकलं तेवढंच एका ओळीत लिहायचं. आणि दुसरी ऑप्शन. सर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसत, कुठल्या धड्यावर किती मार्कांचं येतं ते मोजत आणि चार मार्कांच्या वर जो धडा कधी गेला नाही तो सरळ ऑप्शनला टाकत. "चार मार्कांसाठी चाळीस तास घालवणारा माणूस अभ्यासू नसतो, आडमुठा असतो," हे वाक्य ते दर जूनमध्ये नव्या बॅचला ऐकवत. लातूरच्या मुलांनी या वाक्यावर ढिगानं मार्क मिळवले होते, त्यामुळं त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

भूकंप झाला तेव्हा सरांकडं अकरा मुलं होती. पाच वर्षांत ती दोन शिफ्टमध्ये मिळून तीनशे झाली. गावाकडं ज्यांचं घर उरलं नाही त्यांनी मुलं लातुरात आणून ठेवली, आणि ज्यांचं उरलं त्यांनीही ठेवली. एवढ्या पोरांच्या मार्कांची काळजी वाहणाऱ्या सरांच्या स्वतःच्या मुलाची, गंधारची, मेडिकलची सीट मात्र तीन मार्कांनी हुकली.

सरांनी लगेच ठरवून टाकलं, की गंधारनं एक वर्ष थांबायचं आणि पुन्हा बारावीला बसायचं. गंधारनं त्याआधीच ठरवलं होतं, की नांदेडजवळ विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला जायचं. गणितात त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. पण भूकंपाच्या वर्षी, बारा वर्षांचा असताना, दवाखान्याच्या तंबूबाहेर उभं राहून तो म्हणाला होता, "बाबा, मी डॉक्टर होणार." सरांनी ते वाक्य देवघरात ठेवल्यासारखं जपलं होतं. बोलणाऱ्याचं वय काय होतं, हे त्यांनी कधी हिशेबात धरलं नाही.

दहा दिवस घरात दोघांचं बोलणं राजश्रीबाईंच्या मार्फत चाललं होतं. राजश्रीबाई शाळेत मराठी शिकवत, त्यामुळं निरोप पोहोचवताना त्यातले कडक शब्द काढून टाकायची त्यांना सवय होती. अकराव्या दिवशी त्यांचाही धीर सुटला. "तुमचा मुलगा गुरुपादप्पाच्या शेडमध्ये सापडेल. काय ते समोरासमोर बोला," त्या म्हणाल्या.

गुरुपादप्पाचं शेड क्लासच्या मागच्याच गल्लीत होतं. भूकंपानंतर जागेच्या मालकानं वर स्लॅब टाकायची हिंमतच केली नाही, पत्रे टाकले आणि त्याखाली उदगीरकडून आलेल्या गुरुपादप्पानं व्हिडिओ गेमच्या चार मशिनी मांडल्या. सर आतापर्यंत या शेडसमोरून मान दुसरीकडं वळवून जात. त्या दिवशी दुपारी ते तावातावानं आत शिरले. गंधार कोपऱ्यातल्या मारामारीच्या गेमची दांडी धरून बसला होता. पडद्यावर दोन माणसं एकमेकांना बुकलत होती. सरांनी रागवायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"आता त्याला लाथ का नाही लागली?" त्यांनी विचारलं.

गंधारनं मान वर केली नाही. उत्तर गुरुपादप्पानं दिलं. "गंधारनं दांडी मागं अन् खाली वढली, सर. खालची लाथ बसून अडवायची. वरनं उडी मारून आला तर हुभं राहून अडवायचं. उलटं केलं की लागलीच."

"म्हणजे समोरचा काय करणार हे आधी ओळखायचं."

"वळखायचं न्हाई, बघायचं. वळखायला गेलं की फसतंय माणूस."

सरांना हे काही पटलं नाही. ओळखण्यावर तर त्यांचा सगळा क्लास उभा होता. त्यांनी अजून तीन डाव बघितले आणि कपाळावरच्या आठ्या उतरवत म्हणाले, "यात आहे काय? पद्धतशीर अभ्यास केला तर आठ दिवसांत कुणालाही जमेल."

गंधारनं दांडी सोडली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा वडिलांकडं सरळ बघितलं. "जमेल म्हणता ना? मग आठ दिवसांनी माझ्यासमोर एक डाव खेळा. साठ सेकंदांचा असतो. जिंकायचं नाही, नुसतं शेवटपर्यंत उभं राहायचं. राहिलात तर मी पुन्हा बारावीला बसतो, एक शब्द बोलणार नाही. पडलात तर मी विष्णुपुरीला जाणार आणि तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"आठ दिवस मी तुझा खेळ बघणार."

"बघा की. रोज पाचला असतो मी इथं."

सर हो म्हणून बसले. घरी राजश्रीबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "दोघांना एकदमच ताप आलाय का?"

दुसऱ्या दिवसापासून सकाळची शिफ्ट सुटली की सर शेडमध्ये जाऊ लागले. त्या वेळी तिथं चिटपाखरू नसे. गुरुपादप्पा दुसऱ्या दांडीवर बसे आणि सरांच्या माणसाला मनसोक्त झोडपे. पहिल्या दिवशी सर एका डावात नऊ सेकंद टिकले, आणि तेवढ्यातही चार सेकंद गुरुपादप्पा चहाचा कप खाली ठेवत होता.

सरांची खोड अशी, की मार खाण्यापेक्षा मार का बसला याचं त्यांना जास्त कौतुक. त्यांनी नवी दोनशेपानी वही काढली. 'मागे सरत गेलो. मागे भिंत. भिंतीशी गेल्यावर अडवत राहिलो तरी पट्टी झिजते.' पडद्यावर वर एक पिवळी पट्टी असे, ती संपली की माणूस आडवा. 'घाबरून उडी मारली. हवेत असताना मत बदलता येत नाही.' ही ओळ लिहून झाल्यावर सर एकटेच हसले. पंधरा वर्षं ते पोरांना फेकलेल्या चेंडूचा मार्ग फळ्यावर काढून दाखवत होते. पाय जमिनीवरून सुटला की पुढचं सगळं ठरलेलं, कुठं पडणार, कधी पडणार. आणि इथं स्वतःच बावळटासारखे उड्या मारून समोरच्याला आपला पत्ता देत होते.

"मागं सरू नका, सर," गुरुपादप्पा सांगे. "फुडं दोन पावलं जावा, लगेच अडवा. पुन्हा दोन पावलं, पुन्हा अडवा. उडी मारून जवळ जाणारा पोरगा, चालत जाणारा मानूस."

"आणि अडवल्यावर?"

"त्याचा हात रिकामा जातो ना, तो परत यायला येळ लागतो. तेवढ्यात एकच ठोसा. दुसऱ्याचा लोभ करू नका."

सरांना हे फार आवडलं. अडवणं म्हणजे नुसतं मार चुकवणं, असं त्यांना वाटत होतं. इथं अडवल्यानंच आपली पाळी येत होती. चौथ्या दिवशी त्यांना आणखी एक कळलं. ते सारखे आपल्याच माणसाकडं बघत होते. आपल्या माणसाचं आपल्याला ठाऊकच असतं, डोळे समोरच्याच्या पायांवर हवेत. ते कळल्यापासून ते तीस सेकंदांच्या पुढं गेले. त्या दिवशी क्लासमध्ये प्रकाशाचं परावर्तन शिकवताना त्यांचा डावा हात टेबलाखाली नकळत मागं आणि खाली ओढत होता, आणि पुढच्या बाकावरची मुलं एकमेकांकडं बघत होती.

संध्याकाळी पाचला ते स्टुलावर बसून गंधारचा खेळ टिपत. गंधार त्यांच्याकडं लक्ष देत नसे. त्याचा पैलवान समोर येईल त्याला धूळ चारत होता. सरांनी रकाने आखले: खालची लाथ, उडी, लांबचा ठोसा, पकड. पकड म्हणजे जवळ जाऊन समोरच्याला धरायचं आणि उचलून आपटायचं. पकडीला अडवणं चालत नाही, बसून अडवा की उभं राहून, धरलं की आपटलंच. सुटायचं तर तो हात घालेल त्याच क्षणी आपणही ठोशाचं बटण दाबावं लागतं. जरा लवकर दाबलं तर आपण उघडे पडतो, जरा उशीर झाला तर गेलो.

हे एक सरांना काही केल्या साधेना. गुरुपादप्पानं एका दुपारी त्यांना सलग चौदा वेळा आपटलं. शेवटी तोच कंटाळला. "साकु, सर, साकु. आज बास. पर पकडीचा सराव सोडू नका बरं का. तीच लई वाईट हाय."

सरांनी वही उघडली. सहा संध्याकाळींत गंधारचे त्रेसष्ट डाव बघून झाले होते. खालच्या लाथा दोनशेच्या वर, उड्या नव्वद, आणि पकड फक्त दोनदा. हाताशी दोन दिवस उरलेले. ज्यानं दहा वर्षं प्रश्नपत्रिका मोजल्या त्याला इथं विचार करायची गरजच नव्हती. त्यांनी पकडीच्या रकान्यापुढं लाल पेनानं लिहिलं, 'ऑप्शन', आणि उरलेले दोन्ही दिवस लाथ आणि उडीवर घालवले. शेवटच्या दुपारी गुरुपादप्पासमोर ते चक्क पंचावन्न सेकंद उभे राहिले. घरी आले ते शीळ वाजवत.

रविवारी सकाळी शेडमध्ये तिघंच होते. गुरुपादप्पानं दार ओढून घेतलं. सरांनी चष्मा पुसला. गंधारचे ओठ कोरडे पडले होते, ते सरांना दिसलं आणि क्षणभर वाईटही वाटलं. एक वर्षाचा तर प्रश्न आहे, त्यांनी स्वतःला समजावलं, वर्ष काय, बघता बघता जातं.

डाव सुरू झाला. गंधारनं खालची लाथ मारली, सरांनी बसून अडवली. त्यानं उडी घेतली, सर उभे राहिले. दोन पावलं पुढं, अडव. दोन पावलं पुढं, अडव. गंधारचा हात रिकामा गेला आणि सरांनी एक ठोसा दिला, एकच. गुरुपादप्पाच्या तोंडून "हां" असा हुंकार निघाला. वीस सेकंद झाले. तीस झाले. सरांची पिवळी पट्टी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. त्यांना हे सगळं विलक्षण वाटत होतं. समोरचा पाय कधी उचलला जाईल ते त्यांना खरंच दिसत होतं. चाळीस सेकंद. आता नुसतं बसून राहायचं, त्यांना वाटलं.

तेव्हा गंधारचा पैलवान चालत आला. लाथ नाही, उडी नाही. शांतपणे दोन पावलं आला आणि त्यानं सरांच्या माणसाला उचलून आपटलं.

सर उठले. अडवून बसले. पैलवान पुन्हा दोन पावलं आला आणि त्यानं पुन्हा आपटलं. तिसऱ्या वेळी सरांनी बटण दाबलं, पण फार लवकर. चौथ्या वेळी उशिरा. आता पट्टी नखभर उरली होती आणि घड्याळात सहा सेकंद. सर दांडी मागं ओढून धरून बसले, दुसरं काही येतच नव्हतं. येणार काय आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि उत्तर ठाऊक नव्हतं. परीक्षेच्या हॉलमध्ये हे कसं वाटतं, ते त्यांना पंचवीस वर्षांनी पुन्हा कळलं. पैलवानानं त्यांना पाचव्यांदा आपटलं, आणि चार सेकंद शिल्लक असताना सरांचा माणूस आडवा झाला तो उठला नाही.

गुरुपादप्पा उगाचच दुसऱ्या मशिनीची काच पुसू लागला.

"त्रेसष्ट डावांत दोनदाच धरलंस तू," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं.

"ते दोनदाही चुकून," गंधार म्हणाला. "तुम्ही स्टुलावर वही घेऊन बसलात त्याच दिवशी मी पकड बंद केली, बाबा. तुम्ही मोजणार, आणि कमी आलं की ऑप्शनला टाकणार, हे मला माहीत होतं."

सर खाली हाताकडं बघत राहिले. मुलानं त्यांच्यासाठी सहा दिवस बसून पेपर काढला होता. त्यांची प्रत्येक सवय त्याला पाठ होती, कुठं थांबतील, काय सोडतील, कशावर विश्वास ठेवतील. आणि त्यांना? तीनशे मुलांपैकी कुठला पोरगा कुठल्या गणितात चुकणार हे ते झोपेतही सांगू शकले असते. पण हा पोरगा पुढं काय करेल हे त्यांना आठ दिवस डोळे लावून बसूनही कळलं नव्हतं. त्यांना अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"मी पकड शिकलो असतो तर?" त्यांनी विचारलं.

"तर मी बसलो असतो पुन्हा बारावीला." गंधार म्हणाला. "शब्द दिला होता ना. खरंच बसलो असतो."

तो बसला असता, यात सरांना तिळभर शंका नव्हती, आणि त्याचीच त्यांना आता भीती वाटली. चार सेकंदांनी वाचलो, त्यांच्या मनात आलं. वाचलो, हाच शब्द आला.

"गंधार," ते म्हणाले, "तुला इंजिनिअरिंगलाच का जायचंय, हे मी तुला एकदाही विचारलं नाही."

"नाही विचारलंत."

सरांनी स्टूल ओढून त्याच्याजवळ घेतलं आणि वही बंद केली.

"मग सांग. मी ऐकतोय."