जड दोरी

निमगाव केतकीच्या पुढं, इंदापूरच्या अंगाला सर्जेरावाचं रान. डाळिंबाची बाग मर रोगानं गेली, तेव्हा त्यानं तिथं अर्ध्या एकरात हिरवळ लावली. गावातले लोक हसले. सर्जेराव गवत पिकवतोय म्हणाले. पण बारामतीच्या बंगल्यांना आणि लग्नाच्या लॉन्सना त्याची हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळून जायला लागली, तसं हसणं थांबलं. त्याला स्वतःला तर त्या गवताचं वेडच लागलं होतं. तण दिसलं की जागीच बसून उपटायचा. ठरल्या दिवशी मशीन फिरवून सगळं रान एका उंचीचं करायचा, आणि मग बांधावर बसून नुसता बघत राहायचा.

त्या हिवाळ्यात मशीनची दोरी जड यायला लागली.

मशीन साधीच होती. चार चाकं, खाली पातं, वर पेट्रोलचं इंजिन. इंजिनाच्या डोक्यावरची दोरी झटक्यानं ओढली की सुरू व्हायची. आता दोरी निम्मी यायची आणि मध्येच अडायची. कधी उलटा हिसका बसून हँडल हातातून सुटायचं.

"गवात अडकलं असंल पात्यात," त्याची बायको कौसल्या म्हणाली.

सर्जेरावाला तेच वाटलं. मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून त्यानं आधी प्लगची वायर काढली. मग मशीन कलती करून खुरप्यानं खालचं ओलं, चिकटलेलं गवत खरवडून काढलं. पातं हातानं फिरवून बघितलं, ते फिरत होतं. दोरी ओढली. तशीच जड.

ऑइल बघितलं, ते बरोबर होतं. शेवटी त्यानं प्लगच खोलून काढला आणि रिकामी दोरी ओढली. ती सरळ बाहेर आली.

"बघ," तो म्हणाला, "प्लग काढला की येती. म्हंजी आतला दाब सुटंना. आतलंच काम हाय."

फॉल्ट कुठल्या बाजूला आहे ते कळलं म्हणून तो जरा खूश झाला. प्लग बसवून त्यानं पुन्हा जोर लावला. लावतच राहिला. शेवटी धापा टाकत गवतातच बसला आणि उजवा हात मांडीवर दाबून धरला.

"मी वढून बघू का?" कौसल्यानं विचारलं.

"तुला न्हाय यायची. हिसका बसंल."

दुसऱ्या दिवशी दोघं मशीन टेम्पोत घालून भवानीनगरला शंभूराजकडं गेली. कारखान्याच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं. फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, लहानसहान इंजिनं, सगळं तो दुरुस्त करायचा. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती.

शंभूराजनं दोरी एकदा ओढली आणि भुवया वर केल्या. "खरंच जड हाय, तात्या."

हे ऐकून सर्जेरावाला इतकं बरं वाटलं, की कौसल्यानं वळून त्याच्या तोंडाकडं बघितलं. गेले काही दिवस त्याच्या मनात एक शंका घोळत होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तो स्टुलावर बसला आणि त्यानं चहा मागवायला लावला.

शंभूराजनं इंजिनाचं झाकण काढलं, पातळ पट्टी आत सरकवून व्हॉल्व्हजवळची फट मोजली. "टॅपेट ढिलं झालंय. कसं हाय तात्या, चालू करताना ह्यातला एक व्हॉल्व्ह जरासा उघडा राहतो. थोडा दाब बाहेर जातो, म्हणून दोरी हलकी येती. गॅप वाढला की त्यो उघडतच न्हाय. मग सगळा दाब आपल्या हातावर."

"मी म्हनलं न्हवतं?" सर्जेराव कौसल्याला म्हणाला. "दाबच सुटत न्हवता."

शंभूराजनं गॅप लावला, झाकण बसवलं. दोन बोटांत हँडल धरून दोरी ओढली. मशीन लगेच सुरू झाली. त्यानं ती बंद केली आणि बाजूला झाला. "वढा आता."

सर्जेराव उठला. हँडल मुठीत धरलं, पाय रोवला, ओढलं. दोरी वीतभर आली आणि थांबली. त्यानं पुन्हा ओढलं. या वेळी दोरी अडली नाही, त्याची बोटंच उघडली आणि हँडल आपोआप जागेवर गेलं.

आपलंच काही चुकलं असं वाटून शंभूराजनं परत ओढून बघितलं. मशीन सुरू झाली.

"चेष्टा करताय व्हय, तात्या?"

सर्जेरावानं हँडल परत धरलं. त्यानं डावा हात लावून बघितला, मग दोन्ही. कौसल्या पुढं झाली. तिनं त्याच्या हातातून हँडल काढून घेतलं आणि ओढलं. मशीन सुरू झाली. तिनं घाईघाईनं ती बंद केली आणि पदरानं हात पुसले. शंभूराज खाली बघून पाने-पकडी गोळा करायला लागला.

परत येताना कारखान्याचा वजनकाटा लागला. वजनाला थांबलेल्या ट्रॉल्यांमुळं टेम्पो अडकला, तेव्हा सर्जेराव म्हणाला, "दमलोय जरा. दुसरं काय न्हाय."

"शर्टाची बटनं मी लावती तुमची," कौसल्या हळू म्हणाली. "कवापासनं लावती?"

"थंडीनं बोटं वळंनात."

"दसऱ्याला कुठं व्हती थंडी?"

बारामतीत आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवलं. मानेचा मणका असेल म्हणून त्यानं गोळ्या दिल्या, रबरी चेंडू दाबायला सांगितलं. सर्जेराव येताजाता चेंडू दाबायचा. उन्हाळा लागेपर्यंत चेंडू हातातून पडायला लागला. मग नसांच्या मोठ्या डॉक्टरकडं गेले.

त्यानं सर्जेरावाला शर्ट काढून बसवलं. खांद्यावरचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं. कौसल्यानं ते रोज पाहिलं होतं, पण तिला वाटलं, कामानं उडतंय. डॉक्टरनं दोन्ही तळहात पुढं करायला लावले. अंगठ्याच्या मुळाशी जिथं मांस असतं तिथं खळगा पडला होता.

"चालताना चप्पल पायातून निसटते का?"

"उजवी," कौसल्या म्हणाली. "लई दिवस झालं."

सर्जेरावानं तिच्याकडं बघितलं. तिनं हे कधी बघितलं, ते त्याला माहीत नव्हतं.

सुया टोचून तपासण्या झाल्या, पुण्याला पाठवून आणखी झाल्या. मग डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं. मेंदूकडून हातापायांना हुकूम नेणाऱ्या नसा मरत चालल्यात. हातांनंतर पाय जातील, मग गिळणं, बोलणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहील.

सर्जेरावानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, नक्की काय बिघडलंय ते सापडलंय न्हवं तुमाला?"

"सापडलंय."

"मग?"

डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजार थोडा हळू करता येईल. बरा करता येत नाही."

"कुठंच?"

"कुठंच नाही."

कौसल्या पदर तोंडात धरून बसली. सर्जेराव उठायला गेला, पण खुर्चीच्या हातांवर जोर येईना. तिनंच त्याला उठवलं.

त्या उन्हाळ्यात कौसल्या मशीन चालवायची. सकाळी त्याला बांधावर खुर्ची टाकून द्यायची. तो "जरा डावीकडं घे, गवताचा पट्टा सुटला" असं सांगायचा आणि ती घ्यायची. पण पुढं त्याला धुवायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं, हेच तिला पुरेना. गवत गुडघ्याला लागलं. एक दिवस तोच म्हणाला, "मोडून टाक. माझ्यापायी सडवू नगंस." तिनं रान भावकीतल्या रावजीला कांद्याला दिलं. नांगरट झाली त्या दिवशी सर्जेराव घराबाहेर आला नाही.

मग त्याची जीभ जड झाली. आधी जोडाक्षरांचे शब्द अडले, मग साधेही. फोनवर लेकीला, संस्कृतीला त्याचं बोलणं कळेना. ती तिकडून "व्हय आबा, व्हय आबा" म्हणायची आणि रडायची. कौसल्याला मात्र सगळं कळायचं. ती मध्ये बसून दोघांना सांगायची.

पुढच्या वर्षीच्या श्रावणात एका दुपारी ती त्याला पातळ खिमट भरवत होती. त्यानं तोंड फिरवलं आणि काहीतरी म्हणाला. तिनं वाटी खाली ठेवली आणि कान जवळ नेला. तो परत म्हणाला. मग आणखी एकदा, सगळी ताकद लावून. त्याच्या कपाळाला घाम आला.

तिला एक अक्षर कळलं नाही.

"पानी पायजे?" तिनं विचारलं. त्यानं डोळ्यांनी नाही म्हटलं. "पाय दुखतोय?" नाही. "संस्कृतीला बलवू?" नाही.

तो पुन्हा बोलायला गेला, तशी तिनं त्याच्या ओठांवर हात ठेवला.

"व्हय," ती म्हणाली, "कळलं मला."

तो तिच्याकडं बघत राहिला. डोकं शाबूत होतं, त्यामुळं ती खोटं बोलतीय हे त्याला कळलं. त्यानं डोळे मिटले. कौसल्यानं वाटी उचलली, चमचा भरला आणि तो तोंड कधी उघडतोय याची वाट बघत बसली.