धुऊन लख्ख केलेली गोळ्यांची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची डबी आहे. सातपूरच्या एका कारखान्यात जन्मले. पोटात दोन खण, म्हणून पूर्वी मला भलताच तोरा होता. आता आत बटणं आणि गंजलेले हुक आहेत.

१९९८ साली नाशिकच्या एका डॉक्टरांनी मला चांदवडच्या सहादूच्या हाती दिलं. तो तोफखान्यातला निवृत्त जवान. नोकरीत असताना शेजारीच गोळा फुटला, तेव्हापासून त्याच्या मेंदूची सूज हटत नव्हती. डोकं ठणके, घरची माणसं ओळखू येत नसत. एकेकट्या औषधाने गुण आला नव्हता. दोन औषधं जोडीने दिली तर येतो का, याची ती चाचणी होती. एका खणात पांढऱ्या गोळ्या, दुसऱ्यात पिवळ्या. रोज जेवणानंतर एकेक.

दोन महिन्यांनी सहादूने पोरीला नावाने हाक मारली, "हर्षाली, पाणी आन गं." त्याच्या बायकोने, मैनाने, डोळ्यांना पदर लावला आणि मला थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. मी केवढी फुगले!

मैनाने देवीला नवस केला होता. तो फेडायला तिने नवरात्रात सहादूला नऊ दिवसांचा कडक उपास धरायला लावला.

"आई, गोळ्या?" हर्षालीने विचारलं.

"जेवणानंतर घ्या म्हनले ना साहेब? जेवणच नाय, तर गोळी कशी द्यायची?"

अठरा गोळ्या उरल्या. दसऱ्यापर्यंत सहादूचं डोकं पुन्हा ठणकू लागलं. डॉक्टर रागावतील, म्हणून नाशिकला निघताना मैनाने त्या उकिरड्यात टाकल्या आणि मला धुऊन लख्ख पुसलं.

"सगळ्या घेतल्या?" डॉक्टरांनी माझं झाकण उघडून विचारलं.

"हो साहेब. एक बी चुकवली नाय," मैना म्हणाली.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, औषधं नियमित घेऊनही आजार उलटला. सहादूला चाचणीतून काढलं. त्या गोळ्या बाहेर कुठे मिळत नव्हत्या. मला सगळं ठाऊक होतं, पण पत्र्याला वाचा कुठली? त्या दिवशीच्या माझ्या लख्खपणाची मला अजून लाज वाटते.

मैनाला बोल लावू नका. तिने देवीचं मन राखलं आणि डॉक्टरांची भीती बाळगली, एवढंच. पण मित्रांनो, चुकलेली गोळी चुकली म्हणून सांगत जा. डॉक्टर रागावले तर रागावू देत.

परवा हर्षालीने माझ्यातलं एक बटण काढून वडिलांच्या सदऱ्याला लावलं. सहादू तिच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लय गुनाची हायेस पोरी. कोनाची गं तू?"