भोकं सैल झालेली चाळण

मित्रांनो, चुलीसमोर खुंटीला टांगलेली ती जुनी चाळण मीच. हसू नका. सागाचा वेढा आणि पितळी तारेची जाळी मिरवत मी नवापूरच्या बाजारातून तापीकाठच्या या घरात आले, तेव्हा माझ्याशिवाय इथं भाकरी होत नव्हती. धनुबाईनं हात मारला की पीठ खाली, कोंडा वर.

तिचा धनी मगन गुळाचा मोठा भोक्ता. कुंपणाशी तो लघवीला जाई, तिथं मुंग्यांची रांग लागली. मुंग्यांना पीठ घातलं की पुण्य लागतं, म्हणून ही भोळी बाई रोज माझ्यातून चाळलेलं पीठ तिथं घालू लागली. मीही पुण्याच्या तोऱ्यात होते.

पुढं मगनची तहान वाढली, अंग उतरलं. धनुबाईनं नंदुरबारच्या डॉक्टरांना घरी आणवलं. त्यांनी मगनची लघवी काचेच्या नळीत घेऊन दिव्यावर तापवली. ती नासल्या दुधासारखी पांढुरकी झाली. दुसऱ्या नळीत निळं औषध घालून तापवली, ती विटकरी झाली. मधुमेह निघाला. मुंग्या लघवीतल्या साखरेला येत होत्या, पुण्याला नव्हे.

डॉक्टरांनी मलाच हातात घेतलं. म्हणाले, "मूत्रपिंड ही अशीच बारीक चाळण, फक्त काम उलटं. घाण खाली सोडते, कामाचं अंगात राखते. साखरेनं तिची भोकं सैल होताहेत, कामाचंही गळू लागलंय, नळीत पांढरं दिसलं ते तेच. आता कुठं सुरुवात आहे. आत्ताच जपा."

डॉक्टर गेले, मगन जेवायला बसला. "मन्हं काहीच दुखत नई," म्हणत त्यानं गूळ मागितला.

धनुबाईनं त्याच्यासमोरच पीठ चाळलं. हाताचे फटके खाऊन खाऊन माझ्याही तारा कधीच सरकल्या होत्या. ताटात पिठाबरोबर कोंडा पडला.

"हाई चाळन तरी कुठे रडनी?" ती म्हणाली. "मुंग्यासले कळनं, तुम्हले नई कळनं."

मगन त्या कोंड्याकडे बघत राहिला. मग गुळाचा खडा त्यानं हळूच डब्यात परत टाकला.

घरात नवी चाळण आली. आहे बिचारी बरी, पण माझी सर नाही. मला टाकलं नाही, मगनच्या पाटासमोर टांगलं. हात गुळाकडे गेला की नजर माझ्यावर पडते. मुंग्यांचं पीठ आता मागच्या दाराशी, म्हणजे कुंपणाशी मुंग्या आल्या तर त्या साखरेलाच.

मित्रांनो, माझ्या जागी दुसरी आली. पोटातल्या चाळणीला बाजारात जोड मिळत नाही. ती दुखून सांगेल म्हणून थांबू नका.

धनुबाई रोज सकाळी कुंपणाशी जाऊन बघते. आज परतली, मला खुंटीवरून काढलं, पदरानं पुसलं आणि पुन्हा तिथंच टांगलं. कुंपणाशी मुंग्या नव्हत्या. उद्याही ती बघायला जाईलच.