तिसरं मत

पुरस्कारांचा हंगाम जवळ आला की त्या घरात दर रविवारी दुपारी निवडणूक व्हायची. मतदार तीनच. कानसेन, त्याची बायको आणि वरच्या मजल्यावर राहणारा मेहुणा. शर्यतीतले सगळे सिनेमे बघायला सवड कुणाला होती? म्हणून जेवणं आटोपली की नावं सुचवायची, भांडायचं आणि दोन हात ज्याच्यासाठी वर जातील तो सिनेमा लावायचा. हरलेल्याने तोंड वाकडं न करता शेवटपर्यंत बसायचं असा नियम होता. मेहुणा तोंड वाकडं करायचाच, पण बसायचा.

यंदा कानसेन सलग पाच रविवार जिंकला होता आणि पाचही वेळा त्याने परक्या भाषेतला सिनेमा लावला होता.

कानसेन हे त्याचं कामावर पडलेलं नाव. सिनेमातले संवाद, पावलं, वारा, संगीत हे सगळं एकत्र जुळवायचं, कुठला आवाज वर आणायचा आणि कुठला दाबायचा ते ठरवायचं, हा त्याचा धंदा. स्टुडिओत त्याच्या कानापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती. आणि आता त्याच कानांनी त्याला दगा दिला होता. आधी दारावरची बेल गेली, मग मोबाइलचा गजर, मग खिडकीतल्या चिमण्या. बारीक, टोकदार आवाज एकेक करून निघून गेले आणि माणसं तोंडात घास धरून बोलल्यासारखी वाटायला लागली. गुपचूप दुसऱ्या गावच्या डॉक्टरला दाखवून आला, पण घरी ब्र काढला नाही. कान गेले हे एकदा फुटलं की पोटावर पाय, आणि त्याहून वाईट म्हणजे मग आपण नक्की कोण, हे त्याला सांगता आलं नसतं.

परक्या भाषेतल्या सिनेमाला खाली ओळी असतात. त्या सगळेच वाचतात, त्यामुळे वाचणाऱ्याचा संशय कुणालाच येत नाही. या युक्तीवर स्वारी भलतीच खूश होती. बायको खरं तर "वाचायचंच असेल तर पुस्तक नाही का आणणार मी?" म्हणणारी. तिला खून आणि पोलीस लागायचे. पण यंदा तो चार गोड शब्द बोलला की तिचा हात मुकाट वर जायचा. आपल्या बोलण्याची जादू, असं त्याने ठरवून टाकलं होतं. शहाण्याने निदान एकदा तरी विचारायचं, हा हात वर का जातोय म्हणून.

सहाव्या रविवारी मेहुण्याने हात चोळत जाहीर केलं, "आज भाऊजींचा सिनेमा. घरच्या माणसाला आवाजासाठी नामांकन आणि आम्ही तो बघितलेलाच नाही. लोक शेण घालतील तोंडात."

हा सिनेमा कानसेनने गेल्या वर्षी जुळवला होता, कान उतरणीला लागले तेव्हा. शेवटच्या दिवशी दिग्दर्शिका बाईंनी बिचकत विचारलं होतं, "ताटल्यांचा आवाज जरा टोचतोय का हो?" तो म्हणाला होता, "बाई, तुमचे कान थकलेत. चहा पिऊन या." त्या हसल्या होत्या आणि खरंच चहा प्यायला गेल्या होत्या. उद्या सोमवारी त्यांच्याच पुढच्या सिनेमाचं काम सुरू व्हायचं होतं.

"स्वतःचं काम घरी बसून काय बघायचं?" तो म्हणाला. "तो बर्फातला राहिलाय. बर्फातला लावू."

"एक मत बर्फाला," मेहुण्याने मोजलं. "एक भाऊजींच्या सिनेमाला. ताई?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नंतर तिचा हात भावाच्या बाजूने वर गेला.

सिनेमा सुरू झाला. कानसेनला संवाद तोंडपाठ होते, त्यामुळे तो पडद्याकडे बघतच नव्हता. तो दोघांचे चेहरे बघत होता. नायिका संतापून ताटल्या मोरीत टाकते तो प्रसंग आला. त्याला त्या मऊ, गोल, अगदी हव्या तशा ऐकू आल्या. मेहुण्याचे डोळे बारीक झाले आणि एक खांदा आपोआप कानाकडे गेला. बायकोने रिमोट उचलून आवाज कमी केला. संवाद आले तेव्हा तिने तो वाढवला, किल्ल्या वाजल्या तेव्हा परत कमी केला. कानसेनला ऐकू येत नव्हते म्हणून त्याने ते सगळे आवाज वाढवून ठेवले होते, आणि आता ते दुसऱ्यांच्या कानांत खुपत होते. उरलेला सिनेमाभर तो नुसता तिच्या हाताकडे बघत राहिला.

संपल्यावर मेहुणा तटकन उठला. "एक नंबर, भाऊजी. बक्षीस खिशात." गॅसवर पाणी ठेवलंय असं काहीतरी पुटपुटत तो जिन्याकडे सटकला.

"तुला कसं वाटलं?" कानसेनने विचारलं.

ती उठून त्याच्या समोर येऊन बसली. सावकाश, ओठ नीट दिसतील अशी बोलली. "टोचतं."

"किती?"

"डोकं धरावं लागतं इतकं."

"तुला यातलं काय कळतं गं?" त्याचा आवाज चढला.

"यातलं नाही कळत. तुमच्यातलं कळतं." ती जागची हलली नाही. "पाच रविवार त्या ओळी वाचत बसले, ते काय हौस म्हणून?"

तो आठवू लागला. ही स्वयंपाकघरातून हाक मारायची कधीपासून थांबली होती? काही सांगायचं तर हात पुसत समोर येऊन उभी राहायची. त्याला वाटलं होतं, वयाबरोबर बायको शांत झाली.

"मग आज का नाही दिलंस मत?"

"उद्या तुम्ही परत त्या खुर्चीत बसणार होता म्हणून," ती म्हणाली. "घरात मी सांभाळून घेईन हो. तिथे कोण घेणार? त्या बाईंचं काम आहे ते."

त्याला तिचा राग आला, लाज वाटली आणि कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. बराच वेळ तो मोबाइल हातात फिरवत बसला. मग त्याने दिग्दर्शिका बाईंना फोन लावला.

"बाई, ताटल्या टोचतात," तो म्हणाला. "तुमचे कान थकले नव्हते. माझे गेलेत. उद्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या, आणि त्याच्याकडून हाही सिनेमा दुरुस्त करून घ्या."

पलीकडे त्या गप्प होत्या की बोलत होत्या, त्याला काही कळेना. कानाला लावलेला फोन त्याने काढला आणि बायकोपुढे धरला.

"काय म्हणताहेत, ऐक," तो म्हणाला. "आणि मला सांग."