खिडकीतला कप

कापूस बुडायला लागला तसे आमच्या यवतमाळात परदेशी अभ्यासक येऊ लागले. इंग्रिड त्यांतलीच, नॉर्वेची. सहा आठवडे एका घरात राहून तिथलं जगणं शिकायचं, असा तिच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम होता. घर आमचं होतं आणि शिकवणारी मी. पहिल्याच दिवशी मी तिला नियम सांगितला: दहा दिवस काही विचारायचं नाही. बघायचं, घर करतं तसं करायचं, वहीत लिहायचं.

ती मन लावून शिकली. चपला दाराबाहेर, सकाळी तुळशीला पाणी, सासऱ्यांसमोर हळू आवाज. सासूबाई म्हणाल्या, सुनेपेक्षा हीच बरी. मी हसले, पण धास्तावलेही. हिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं, आणि माझी तीन वर्षांची आभा दिवसभर हिच्याच मागे.

दहाव्या दिवशी इंग्रिडने सगळ्यांना चहा केला. फुलांचे कप ट्रेमध्ये मांडले. मग खिडकीतला कान तुटलेला कप उचलला, त्यात चहा ओतला आणि भांडी घासणाऱ्या ममतापुढे फरशीवर ठेवला. ममता बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. दोन हंगाम पिकलं नाही म्हणून शहरात कामाला आलेली. तो कप तिचा, हे इंग्रिडला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आभा बिस्कीट घेऊन ममताकडे धावली आणि तिच्या ओंजळीत ते वरून टाकलं, हाताला हात न लावता. अगदी सासूबाईंसारखं.

दुसऱ्या दिवशी मी ममताला फुलांच्या कपात चहा दिला. सासूबाईंनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

"ताई, मले माहाच कप द्या," ममता हळूच म्हणाली. "हा फुटला तं बोल कोनाले लागन?"

माझ्या हातून फुटला म्हणून सांगेन, असं मी म्हटलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. उभ्या-उभ्याच तिने चहा संपवला, कप विसळला आणि नेऊन खिडकीत ठेवला, जुन्या कपाशेजारी.

इंग्रिड वही घेऊन माझ्याजवळ आली. अकरावा दिवस होता.

"आता विचारू?"

आभा माझ्या कडेवर होती. ती खिडकीकडेच बघत होती.

"विचार," मी म्हटलं.