अखंड ज्योतीचे वाचक

“संगणक विझवू नका! ज्योत मालवली तर पाप लागेल!”

जालानंद महाराजांचा हा आवाज आठवडाभर सुलेखाबाईंच्या कानात घुमत होता. देवभीरू बाई. त्यांनीही घरचा संगणक, ज्योतीचं पान उघडं ठेवून, रात्रंदिवस चालू ठेवला होता.

रविवारी लिटिल इंडिया या भारतीय वस्तीतल्या सभागृहात ही गर्दी! पडद्यावर मराठी मंडळाच्या ‘शेजार’ मासिकाची नवी वेबसाइट. तिच्यावर ज्योत तेवत होती आणि खाली वाचकांचा आकडा चढत होता. कीबोर्डला कुणाचा हात नाही!

“कागदावर मरत होतं तुमचं ‘शेजार’,” महाराज गरजले. “आम्ही इंटरनेटवर त्याची प्राणप्रतिष्ठा केली!”

“वहिनी,” मंडळाचे अध्यक्ष प्रमोदराव सुलेखाबाईंना म्हणाले, “इतकी वर्षं बातम्या लिहून एवढे वाचक मिळाले का तुम्हाला? आता बातम्या बंद. सगळं महाराजांच्या हाती. आज ठरावच करू.”

नवऱ्यामागे सुलेखाबाईंनी हे मासिकपत्र लेकरासारखं सांभाळलं होतं. आणि एक गोष्ट मनातून जात नव्हती. वेबसाइटवर आठवडाभर कोजागिरीच्या कार्यक्रमाची जागा चुकीची पडली होती. पूर्वी एखाद्याचं आडनाव चुकलं तरी फोनवर फोन यायचे. या वेळी हजारो वाचक, आणि एकाचाही फोन नाही?

“महाराज, आपण सगळेच जरा बाहेर थांबू या का? आत कुणी नसताना काय होतं ते बघू.” त्या हळूच म्हणाल्या.

दार लावलं. सगळे काचेतून बघू लागले. ज्योत क्षणभर दिसेनाशी झाली, परत आली. आकडा वाढला.

“पाहा! रिकाम्या सभागृहातही चमत्कार!”

“काकू,” वेबसाइट चढवणारी इंजिनिअर स्नेहल पुटपुटली, “पानात एक ओळ आहे. महाराजांचे शिष्य म्हणाले, मंत्र आहे, हात लावू नकोस. मी लावला नाही. त्या ओळीमुळे पान आपलं आपणच पुन्हा उघडतं. दर वेळी नवा वाचक मोजला जातो.”

“म्हणजे घरोघरी चालू ठेवलेले संगणकच वाचतायत?”

“हो.”

सगळे आत आले. स्नेहलने त्यांच्यासमोर ती ओळ काढली. ज्योत होती तशीच राहिली, आकडा मात्र थोडासा चढून जागच्या जागी थांबला.

“श्रद्धा नाही तुमच्यात!” महाराज कडाडले.

“आहे, म्हणून तर विचारते. देवाला खोटी हजेरी कशाला हवी?” मग त्या लोकांकडे वळल्या. “नमस्कार जरूर करा. पण चमत्कार दाखवणाऱ्याला आधी ‘कसं केलंत’ ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नका.”

ठरावासाठी वर व्हायला निघालेले अर्धे हात खाली आले. बाकीचे लोक अजून महाराजांच्या पायांशीच.

“मग खरे वाचक उरले तरी किती?” प्रमोदरावांचा आवाज पडला होता.

“मी आहे ना,” तान्हं बाळ कडेवर घेतलेली अनघा म्हणाली. “पण काकू, अंक हातात येईपर्यंत बातमी शिळी होते. आमच्या पुंगोल उपनगरात मराठी बालवर्ग सुरू होतोय म्हणे. खरं का? उद्या नोंदणीचा शेवटचा दिवस आहे.”

“संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर टाकते. चौकशी करून.”

आत पुन्हा जयजयकार सुरू झाला. सुलेखाबाईंनी पर्स उचलली, उपासाचं केळं आत टाकलं आणि कुणाला न सांगता पुंगोलला जाणारी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, धरली.