खजुरीच्या झाडावरचा तट्टा

मी एक जुना तट्टा आहे, बांबूच्या कामट्यांचा. माझ्या कडा विस्कटल्या आहेत, मधल्या दोन कामट्या मोडल्या आहेत आणि मित्रांनो, खरं सांगतो, मी आता दमलो आहे.

मला जोहुराने विणलं. तिचा नवरा आयनाल थंडीत खजुरीच्या झाडांचा रस काढायचा. संध्याकाळी झाड तासून मडकं टांगायचं, पहाटे उतरवायचं. त्याच्या अकरा झाडांपैकी दहा झाडांचा रस आटवून गूळ व्हायचा. तळ्याकाठच्या एकाच झाडाचा रस कच्चा प्यायला ठेवत, म्हणून त्या एकाच झाडावर माझी नेमणूक. तासलेली जागा आणि मडक्याचं तोंड मी झाकायचो. पहिल्या दिवशी सगळं गाव हसलं. आयनालने झाडालाही लुंगी नेसवली, असं म्हणत लोक मुद्दाम बघायला आले.

रौशनारा नावाच्या आरोग्यसेविकेने जोहुराला सगळं समजावलं होतं. वटवाघळं दाटीवाटीने लटकतात. त्यांच्या लाळेतून, मुतातून एक विषाणू एकमेकांत फिरत राहतो, पण ती स्वतः सहसा आजारी पडत नाहीत. थंडीत फळं मिळेनाशी झाली की ती रस चाटायला येतात आणि तो विषाणू मडक्यात उतरतो. आटवलेल्या रसात तो मरतो, कच्च्या रसात जगतो आणि पिणाऱ्या माणसाचा जीवही घेऊ शकतो.

सात हिवाळे मी पहारा केला. वटवाघळं माझ्यावर नखं घासायची आणि कंटाळून शेजारच्या उघड्या झाडांवर जायची. मला त्यांचा राग नव्हता. त्यांची फळझाडं माणसांनी तोडली, मग त्यांनी पोट कुठे भरायचं? पण माझं काम मोठं विचित्र. ते चोख झालं की काहीच घडत नाही. जे घडलंच नाही, त्याची शाबासकी कोण देणार?

आठव्या हिवाळ्यात, पौषात, नवा जावई सोहराब दोन मित्रांना घेऊन आला. मला चुलीपाशी वाळत टाकलं होतं, म्हणून सगळं माझ्यासमोरच घडलं. माझ्या झाडाचं मडकं बघता बघता संपलं. सोहराबने पुन्हा पेला पुढे केला. आयनालने उघड्या झाडाच्या मडक्याला हात घातला, तेव्हा जोहुरा हळूच म्हणाली, "ते कढईसाठी आहे."

सोहराब हसला. "आब्बा, जावयाची एकाच पेल्यावर बोळवण? की त्यात काही कालवलंय?"

मित्रही हसले. आयनालचा चेहरा उतरला. आपल्या हातच्या रसाला नावं ठेवलेली त्याला कधीच खपत नसत. त्याने पेला काठोकाठ भरला आणि सर्वांदेखत स्वतःच पिऊन टाकला. आता सोहराबला ओतणार, तोच जोहुराने मडकं हिसकावून कढईत रिकामं केलं. तिने चारचौघांत लाज काढली, म्हणून आयनाल दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

नवव्या दिवशी त्याला ताप भरला. अकराव्या दिवशी तो जोहुरालाच विचारू लागला, तुम्ही कोण? शहरातल्या दवाखान्यातून तो परत आला नाही. गावातले लोक काठ्या घेऊन वटवाघळांच्या वडाकडे निघाले. जोहुरा वाटेत उभी राहिली. पेला वटवाघळांनी भरला नव्हता, एवढंच ती म्हणाली. मी तेव्हा भिंतीला टेकून होतो. रडता आलं असतं तर रडलो असतो.

त्यानंतर तिने दहा नवे तट्टे विणले. रस काढायला आता दुसरा माणूस येतो.

पुढच्या पौषात सोहराब एकटाच आला. "अम्मा, मी थट्टा केली होती," तो म्हणाला.

जोहुराने त्याच्यापुढे मुरमुरे आणि गूळ ठेवला. "तुझी थट्टा होती, त्यांची अब्रू होती. आणि मला ठाऊक असून मी हळूच बोलले. ओरडायला हवं होतं. खा. कच्चा रस या घरात कुणालाच मिळणार नाही. राग आला तर येऊ दे."

त्याने गुळाचा खडा मोडला आणि तो खाऊ लागला.

मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. वटवाघळांना त्यांच्या झाडांवर सुखाने राहू द्या आणि आपलं खाणंपिणं झाकून ठेवा. पण एक लक्षात असू द्या, मी फक्त मडकं झाकू शकतो. त्यातला कच्चा रस प्यायचा नाही, हे पाहुण्यांसमोर मोठ्याने सांगणं तुमचं काम आहे.